तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

पैज लावा. मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी गणराजला हेच म्हणालो आणि तो ताबडतोब खुर्ची पुढं ओढून बसला. माणसाला बसवायचं असेल तर त्याला "बस रे जरा" म्हणून उपयोग नसतो. तो घड्याळ बघतो. त्याला "तुला पटायचं नाही, जाऊ दे" म्हणावं. मग तो उठत नाही. ही युक्ती मी बऱ्याच वर्षांपासून वापरतो आणि अजून तरी फसलेली नाही.

तर त्याला सांगितलं तसंच इथं लिहितो.

पिंपळे गुरवमधली आमची श्रमसाफल्य सोसायटी म्हणजे खाली पार्किंग, वर चार मजले आणि लिफ्ट नाही. कंपन्यांतल्या लोकांनी मिळून बांधलेली. मी कोंडीराम, तिसऱ्या मजल्यावर राहतो. गणराज आणि त्याची बायको स्वप्नाली महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं आले. गणराज चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. मोजून बघितल्याशिवाय तो भाकरीलासुद्धा गोल म्हणणार नाही. त्या दुपारी घरात उकडतंय म्हणून दोघं पार्किंगमध्ये आले होते. स्वप्नाली हरभऱ्याचे घाटे सोलत होती. गेटजवळच्या स्टुलावर आमचा वॉचमन नवनाथ बसला होता. तो बीडकडचा. बोलतो कमी, पण ऐकतो सगळं.

"काका," गणराजनं विचारलं, "जिन्यातल्या भिंतीला खालपासून वरपर्यंत या क्लिपा कसल्या? केबलच्या म्हणाव्यात तर फार मोठ्या आहेत."

"तिथं आम्ही आभाळ तोलायचो," मी म्हणालो.

तो हसला. स्वप्नालीनं घाटे सोलता सोलता मान वर केली. मग मी पैजेचं वाक्य टाकलं आणि सुरू झालो.

चाकणच्या एका कंपनीत माझं सगळं आयुष्य हवेच्या लाइनवर गेलं. कॉम्प्रेसरमधली हवा पाइपातून मशीनपर्यंत पोचवायची आणि कुठं गळायला लागली की साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. घरी आलो तरी कानात फुस्स असायचं. रिटायर झालो आणि ते फुस्स बंद झालं. पुढं दोन वर्षांत कस्तुरा गेली, माझी बायको. मग घरात आवाज करणारा एक कुकर तेवढा उरला. तोही मी तिसऱ्या शिट्टीला बंद करायचो नाही. पाच-सहा होऊ द्यायचो. तेवढीच सोबत.

मुलगा धम्मपाल खराडीला. आयटीत आहे, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. "आबा, पुढच्या रविवारी नक्की येतो." खराडी नकाशात बघाल तर इथून बोटभर. पण पुढचा रविवार जो असतो ना, तो खराडीहून निघाला की वाटेत कुठं अडकतो ते मला कळलेलं नाही. त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. त्यानं हा जिना चढून यावं आणि माझी बेल वाजवावी. फोनवर नको. बेल.

"काका, क्लिपांचं सांगा," गणराज म्हणाला. कामाचा माणूस.

तुम्ही राहता त्याच खोल्यांत तेव्हा दिव्या राहायची. शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा संध्याकाळी वर आली ती तोंड पाडून.

"काका, आमच्या शाळेत पाऱ्याची नळी होती हवेचा दाब दाखवायला. ती काढून टाकली. पारा विषारी, मुलांच्या हातात द्यायचा नाही. ते बरोबरच आहे. पण मग मी दाखवू कशावर? पडद्यावर चित्र लावलं तर पोरं म्हणतात, मॅडम, हे कार्टून आहे."

मी म्हटलं, "पाण्यावर दाखव की."

"पाऱ्याला हातभर नळी पुरते काका. पाण्याला दहा मीटर लागेल. दहा मीटरची नळी उभी करू कुठं?"

हे बोलताना ती माझ्या दारातच उभी होती. आम्ही दोघांनी एकदम जिन्यातून खाली बघितलं.

पहिल्यांदा मी गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पातळ नळी आणली. वरून खालपर्यंत क्लिपा मारून ताणली, पाणी भरलं, वरचं तोंड बंद करून खालचं सोडलं, आणि वरचा भाग चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झाला. आयुष्यभर हवेच्या लाइनी टाकलेला माणूस मी, आणि मला सुचलं नाही की आतून काही नसलं तर बाहेरची हवा नळीला चिरडते. दिव्यानं ती चपटी नळी कापून शाळेत नेली आणि पोरांना पहिला धडा तीच दाखवून शिकवला. माझी चूक सातवीच्या वर्गात फिरली. मला काही वाईट वाटलं नाही. कुठंतरी गेली ना, घरात तर नाही पडून राहिली.

मग आतून जाळी असलेली जाड पारदर्शक नळी आणली. आता दिव्या म्हणाली, पाणी उकळलेलं हवं. साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती बुडबुडे होऊन वर जाते आणि खेळ बिघडवते. झालं! सगळ्या बिल्डिंगनं पाणी तापवलं. सुभद्राबाई चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांनी कऱ्हाडहून आणलेला पितळी बंब माळ्यावरून काढला, पेटवला, आणि धूर इतका झाला की समोरच्या सोसायटीनं अग्निशमन दलाला फोन केला.

"खोटं," गणराज म्हणाला.

मी नुसतं नवनाथकडं बघितलं.

"आलती साहेब, लाल गाडी," नवनाथ स्टुलावरूनच म्हणाला. "त्यांनी बी पानी बघितलं आन् गेले."

पाणी दिसावं म्हणून त्यात नीळ घातली. सुभद्राबाई म्हणाल्या, "कोंडीरामभाऊ, निळाच रंग बरा सुचला तुमाला!" मी म्हटलं, "वहिनी, घरात नीळच होती." त्या हसल्या. मीही हसलो. दोघांनाही कळायचं ते कळलं.

मग भरण्याचा दिवस. खाली पार्किंगमध्ये पाण्याची बादली, तिच्यात नळीचं खालचं टोक आणि त्या टोकाला तोटी. वर चौथ्या मजल्यावर, सुभद्राबाईंच्या दाराशी, दुसरी तोटी. खालची बंद करून वरून नरसाळ्यानं नळी काठोकाठ भरली. मग वरची तोटी बंद. मग मी वरून ओरडलो, "नवनाथ, सोड!"

"आता सगळं पाणी बादलीत येणार," गणराज म्हणाला.

तसंच सगळ्यांना वाटलं. सुभद्राबाई तर पोतेरं घेऊनच उभ्या होत्या. नवनाथनं तोटी सोडली. निळं पाणी चौथ्या मजल्यावरून घसरायला लागलं, खाली, खाली, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर आलं. तिथं थरथरलं, जरा खाली, जरा वर. आणि थांबलं. खालची तोटी उघडी, बादली उघडी, आणि तिच्यावर तीन मजल्यांचं पाणी कुणी न धरता उभं!

"खरं हाय साहेब," नवनाथ म्हणाला. गणराजनं त्याच्याकडं बघितलंच होतं. "तोटी म्याच सोडली. भदाभदा आलं आन् मधीच थांबलं. म्या घाबरून हात काढला."

"धरलं कुणी मग?" स्वप्नालीनं विचारलं.

मीही दिव्याला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, बादलीतल्या पाण्यावर सगळी हवा दाबून बसलीय. आपल्या डोक्यावर आभाळापर्यंत जेवढी हवा आहे तेवढी. तिचं वजन आणि नळीतल्या पाण्याचं वजन सारखं झालं की पाणी थांबतं. पुस्तकात दहा मीटरहून थोडं जास्त दिलंय, पण आपण समुद्रापासून उंचावर आहोत, डोक्यावरची हवा थोडी कमी, म्हणून इथं थोडं खाली थांबतं.

"आणि वरच्या मोकळ्या नळीत काय राहिलं?" स्वप्नाली.

"काही नाही. हवासुद्धा नाही म्हण."

"काहीच नाही म्हणजे?"

"रविवारी माझ्या फ्रिजमध्ये असतं तेच."

ती हसली आणि तिनं मूठभर सोलाणे माझ्यापुढं ठेवले. गणराज मात्र फोनवर काहीतरी शोधत होता. शोधलं, वाचलं, ओठांतल्या ओठांत हिशेब केला. मग म्हणाला, "उंची बरोबर येतेय काका. पण एक सांगा. ते नेमकं तुमच्याच दारासमोर कसं थांबलं? पहिल्या मजल्यावरचा माणूस कमनशिबी?"

"निसर्ग आहे बाबा. निसर्गापुढं कुणाचं चालतं?"

"बादली जमिनीवर होती की कशावर ठेवली होती?"

नवनाथ खोकला. "इटा लावल्या व्हत्या," तो म्हणाला. "काकांनी चारदा खालीवर करायला लावल्या."

क्वालिटीचा माणूस! आता काय सांगू? पाणी बघायला थांबलेल्या माणसाला वाकावं लागू नये आणि टाचाही उंचवाव्या लागू नयेत, एवढ्यासाठी लावल्या. दाराबाहेर एक बाकही टाकलं होतं. बाकावर बसलं की पाण्याची रेघ बरोबर डोळ्यांसमोर. आधी लोक माझ्या दारावरून जायचे ते पायऱ्या मोजत, धापा टाकत, खाली मान घालून. आता थांबायला लागले. "काय काका, आज कितीवर?" मग मी कपाळावर आठ्या घालून रेघ बघायचो, जणू मी नसतो तर आभाळ कोसळलंच असतं. "आज जरा चढलंय." "बरं बरं." आणि तेवढ्यात चहा टाकायचो. चहा नको म्हणणारा माणूससुद्धा पाणी कितीवर आहे ते कळेपर्यंत उभा राहतो, आणि तोवर चहा होतो.

आणखी एक गंमत. रोज सकाळी दहाच्या सुमाराला पाणी चढायचं आणि दुपारी चारला उतरायचं. दोन बोटं. पाऊस नसो, वारा नसो. शिफ्टला लागल्यासारखं.

"हे मात्र काहीही," गणराज म्हणाला. "पाण्याला कसली शिफ्ट?"

"तुझ्या फोनमध्ये हवेचा दाब दिसतो का?"

दिसत होता. उद्या दहाला आणि चारला बघ म्हटलं. सोमवारी त्यानं दोन्ही वेळा बघितलंही, मला न सांगता. जिन्यात भेटला तर नुसता "हं" म्हणाला. पण ते नंतरचं.

दिव्या तिच्या वर्गातली पोरं आणायची, दहा-दहाच्या तुकड्या करून. माझा जिना म्हणजे शाळा! तिनं एक मोकळी नळी वेगळी बांधली होती. खाली बादली आणि वर तोंड. पाणी तोंडानं ओढून कोण किती मजले चढवतो याची स्पर्धा. आमच्या पहिल्या मजल्यावरचा अजिंक्य जिमला जातो, दंड माझ्या मांडीएवढे. तो आला छाती फुगवून. लालबुंद होईस्तोवर ओढलं, पाणी पहिल्या मजल्याच्या बरंच वर गेलं आणि तिथून हलेना. पोरांनी त्याची अशी टर उडवली की तो आठवडाभर मागच्या गेटनं जायचा. दिव्या पोरांना म्हणाली, "अजिंक्यदादाची चूक नाही. पाणी कुणी ओढत नाही. बाहेरची हवा ढकलते. दादानं कितीही जोर लावला तरी हवा ढकलेल तेवढंच." एका पोरानं विचारलं, "मॅडम, अगदी खूप जोर लावला तरी?" ती म्हणाली, "तरी." ते वाक्य मला काही आवडलं नाही, पण विज्ञान आहे म्हणून मान डोलावली.

जूनमध्ये एकदा पाणी चार बोटं उतरलं आणि चढेचना. दिव्या म्हणाली, वादळ येतंय. दुसऱ्या दिवशी असं वादळ आलं की गेटसमोरचं जांभळाचं झाड मुळासकट आडवं. त्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग त्या नळीला मानायला लागली. सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालायच्या आधी बायका मला विचारायच्या.

आणि मग आली खंडेनवमी.

इथल्या लोकांना खंडेनवमी काय असते ते सांगायला नको. कंपनीत मशीन धुऊन-पुसून हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे आणि अर्ध्या दिवसानं सुट्टी. सुभद्राबाईंचे यजमान ज्योतीराम आकुर्डीला टर्नर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची हत्यारांची पेटी त्या दरवर्षी पुजतात. त्या दिवशी पेटीची पूजा झाली, माळ उरली, आणि दाराशेजारी आमची नळी. मी वर गेलो तर बाई नळीला कुंकू लावतायत.

मी काही हात जोडणारा माणूस नाही. म्हटलं, "वहिनी, हे यंत्र आहे, देव नाही."

"मग? आज यंत्राचीच पूजा असती, देवाची कोण करतंय?"

मी खाली आलो. आणि माझ्या पाठीमागं बाईंनी तोटीवर माळ चढवली. आता तोटीची मूठ बंद असताना नळीला आडवी असते. आडव्या मुठीवर माळ वाकडी बसत होती. बाईंना वाकडं चालत नाही. त्यांनी मूठ फिरवून सरळ केली.

"अरे देवा," गणराज म्हणाला. "उघडली!"

फुस्स! इतक्या वर्षांनी मी तो आवाज ऐकला. बाई दचकल्या आणि मूठ परत आडवी केली, पण तेवढ्यात हवा आत शिरली होती. माझ्या दारासमोरची रेघ निघाली ती थेट जिन्याच्या वळणावर, दहा पायऱ्या खाली. बाई वरून ओरडल्या, "भाऊ, यंत्रानं उसासा टाकला!"

पाच मिनिटांत बातमी खालपर्यंत. चार बोटं उतरलं तर जांभळाचं झाड पडलं, हे तर पुरुषभर उतरलंय! लोक जिन्यात जमायला लागले. मी घसा फोडून सांगत होतो, "अहो, काही नाही! वरून हवा शिरलीय! वादळ-बिदळ काही येत नाही!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी शंभर टक्के खरं बोलत होतो, आणि एक माणूस विश्वास ठेवेल तर शपथ. दिव्या असती तर तिनं सांगितलं असतं, पण ती दसऱ्याला आईकडं गेलेली. सुभद्राबाई मला म्हणाल्या, "भाऊ, आमाला धीर द्यायला म्हणताय, कळतंय वो." बाहेर ऑक्टोबरचं कोरडं ऊन, पान हलत नव्हतं. अजिंक्य म्हणाला, "वादळाच्या आधी असंच असतं, शांत."

ज्यानं त्यानं आपापल्या माणसाला फोन केला. घरी ये, ताबडतोब ये. आणि कंपन्या तशाही लवकर सुटलेल्या, त्यामुळं माणसं आली. माळा घातलेल्या गाड्या एकामागून एक आत. हातात पेढ्यांचे पुडे. जो तो वर येऊन पाणी बघायचा आणि पायरीवर बसायचा, कारण ते आणखी उतरतंय का यावर लक्ष ठेवायला हवं ना. माझ्या दारापासून वळणापर्यंत एक पायरी मोकळी नव्हती. मी मोठं पातेलं चढवलं. कप पुरेनात, मग कस्तुरानं पाहुण्यांसाठी ठेवलेले, फुलांचे, कधीही न काढलेले कप काढले. पोरं पेढे खात होती. कुणीतरी फोनवर गाणी लावली. दुसऱ्या मजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरचे पार्किंगवरून वर्षभर बोलत नव्हते, ते एका पायरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"हे खरं?" स्वप्नालीनं नवनाथला विचारलं.

"व्हय ताई. म्या सवता तीन कप च्या पिलो. फुलाचा कप व्हता."

आणि मग सुभद्राबाईंनी, मला न विचारता, धम्मपालला फोन लावला. "अरे पोरा, वादळ येतंय, बाप एकटा हाय तुजा." आणि फोन माझ्या हातात दिला.

"आबा, खरंच वादळ येतंय का?"

मघापासून मी सगळ्यांना नाही नाही म्हणून ओरडत होतो. आता फक्त आणखी एकदा नाही म्हणायचं होतं. बिल्डिंग माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "पाणी पार खाली गेलंय रे."

यात खोटं काय होतं? तूच सांग गणराज. गेलंच होतं.

मागं त्याच्या ऑफिसमधला आवाज येत होता. मग म्हणाला, "बघतो. निघतो."

ते दोन शब्द मी दोन तास चघळले. बघतो म्हणजे बघतो, निघतो म्हणजे निघतो. चहा दुसऱ्यांदा झाला. ऊन भिंतीवरून वर सरकलं. वादळ येईना. पोरांना कंटाळा आला, एकेकजण खाली जाऊन आकाश बघून यायला लागला. मग कुणीतरी म्हणालं, "उद्या येईल बहुतेक." मग बायकांना स्वयंपाक आठवला. पायऱ्या वरून आणि खालून रिकाम्या होत गेल्या. पार्किंगचं भांडण असलेले दोघं सर्वांत शेवटी उठले, आणि उठल्यावर एकमेकांकडं बघून ओशाळले. फुलांचे कप मी एक एक करून आत नेले. त्यातला एकही फुटला नव्हता.

मी बाकावर बसलो होतो. जिन्यात दिवा लागला.

इथं मी थांबलो. स्वप्नालीचे हात घाट्यांवर थांबले होते.

"आले का?" तिनं विचारलं.

आला! न येऊन सांगतो कुणाला? खाली गाडीचा आवाज आला आणि मला कळलं, कारण तो ब्रेक फार उशिरा दाबतो, लहानपणापासूनची सायकलची सवय. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आला. हेल्मेट हातात, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आणि दार सताड उघडं, मी समोर बाकावर बसलेलो, तरी त्यानं बेल वाजवली. म्हणाला, "आबा, कुठंय वादळ?" मी नळीकडं बोट दाखवलं. तो वळणापर्यंत गेला, खाली वाकून रेघ बघितली, वर तोटीवरची माळ बघितली, आणि असा हसला, असा हसला, की सुभद्राबाई दार उघडून बाहेर आल्या. मग आम्ही दोघांनी सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली. त्याला भाकरी माझ्या हातचीच लागते, जाड झाली तरी. हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपला. सकाळी दोघांनी मिळून नळी परत भरली. त्यानं वरची तोटी धरली, मी नरसाळं.

स्वप्नालीनं पदरानं डोळे टिपले. "किती छान काका. मग आता येतात का नेहमी?"

"येतो की. दिव्याची बदली झाली आणि ती नळी तिच्या नव्या शाळेत घेऊन गेली, ती उतरवायलाही तोच आला होता. आजसुद्धा येईल पाचपर्यंत. बसा तुम्ही, भेटूनच जा."

गणराजनं फोन खिशात ठेवला. यातलं काही फोनवर शोधायजोगं नव्हतं. सवयीनं त्यानं नवनाथकडं बघितलं, दुपारभर बघत होता तसंच.

"विचार ना, विचार," मी म्हणालो. "त्या दिवशी गेट त्यानंच तर उघडलं."

नवनाथ स्टुलावरून उठला. टोपी काढली, हातात फिरवली. त्याला मी कधी इतका वेळ उभा राहिलेला बघितला नाही.

"काका," तो म्हणाला, "दुपारधरनं समद्याला म्या व्हय म्हणलो, कारन ते घडलेलं हाय. पर ह्याला म्या व्हय म्हणनार न्हाई. धम्मपालभाऊ आलेच न्हाईत. तुमी सांगितलं व्हतं, त्याच्या गाडीला जागा धर. गेटाला कुलूप लावायची येळ झाली तरी म्या त्या जागंत खुर्ची मांडून बसलो व्हतो."